न जेवणारा साप

मागचे दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण ऑफिसचं काम नव्हतं (म्हणजे होतंच, पण कारण ते नव्हतं). कारण होतं बिस्किट. बिस्किट हा माझ्या घरमालकाचा, खरं तर हाऊसमेटचा, साप आहे. जातीने बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर. लांबी साडेतीन फूट, रंग पार्ले-जी चहात बुडवल्यावर होतो तसा. आणि या बिस्किटने अकरा आठवडे काही खाल्लं नव्हतं.

मी सध्या ओहायोत ऑनसाईट आहे हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. घर शोधताना जाहिरातीत 'पेट फ्रेंडली' लिहिलं होतं, मला वाटलं कुत्रं असेल. असो. आता सवय झाली आहे. दर दुसऱ्या शनिवारी हा गृहस्थ फ्रीझरमधून उंदीर काढणार, गरम पाण्यात ठेवून तो कोमट करणार, लांब चिमट्यात धरून काचेच्या पेटीत हलवणार आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत बसणार. बिस्किट जीभ बाहेर काढतो, दोनदा वास घेतो, आणि मान वळवून कोपऱ्यात जाऊन बसतो. लग्नाच्या पंगतीत रुसलेल्या व्याह्यासारखा.

हे फोनवर आईला सांगितलं. आई म्हणाली, "अरे, वाटीत थोडं दूध ठेवून बघितलंत का?"

मी हसलो. पण नंतर तेच डोक्यात राहिलं.

कारण त्याच शनिवारी हाऊसमेटने मला एक व्हिडिओ दाखवला. एकाने साप धरायचा, दुसऱ्याने तोंड हळूच उघडून छोटा उंदीर घशात सरकवायचा. "तू धरशील का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, एक आठवडा दे. आमच्या कामात एक नियम आहे: प्रॉडक्शनवर काही जबरदस्तीने करण्याआधी लॉग वाचावेत. तर मी लॉग वाचले. म्हणजे माणसाने कैदेतल्या सापाला जेवायला कसं घातलं त्याचा इतिहास. तो इतका रंजक निघेल असं वाटलं नव्हतं.

सुरुवात लंडनच्या टॉवरपासून करतो. तिथे राजाचं प्राणीसंग्रहालय होतं आणि आल्फ्रेड कॉप्स नावाचा त्याचा मुख्य रखवालदार होता. १८२९ साली या संग्रहालयावर एक पुस्तक निघालं, त्यात त्याची गोष्ट आहे. कॉप्स एका मोठ्या सापाला कोंबडी देत होता. साप कात टाकायच्या बेतात होता. अशा वेळी सापाच्या डोळ्यांवर दुधी पडदा येतो आणि त्याला धड दिसत नाही. त्याने कोंबडीऐवजी कॉप्सचा अंगठा पकडला आणि बघता बघता त्याच्या हाताला आणि मानेला विळखा घातला. दोन मदतनिसांनी सापाचे दात मोडून त्याला सोडवलं. आज कुठलाही साप पाळणारा पहिल्या भेटीतच सांगतो की कात टाकायच्या दिवसांत सापाला खायला देऊ नका. एवढं एक वाक्य शिकायला एका माणसाचा गळा आवळला जावा लागला!

मग १८४९ साली लंडनच्या प्राणीसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक सर्पगृह उघडलं. लोक झुंडीने आले. इमारत थंड, बाहेर लंडनची हवा, म्हणून मोठ्या सापांना पिंजऱ्यात ब्लँकेट द्यायचे. १८५१ च्या सुमाराला तिथल्या एका सापाने चक्क ब्लँकेट गिळलं. महिनाभराने ते परत बाहेर काढलं. ही गोष्ट तेव्हा लोकांनी गंमत म्हणून चघळली, आणि आहेही गंमतशीर. पण मला त्यात दुसरंच दिसतं. साप हे अंगात उष्णता तयार करणारं जनावर नाही. त्याला ब्लँकेट पांघरणं म्हणजे थंड पाण्याच्या बाटलीला स्वेटर घालण्यासारखं. त्यातून बाटली गरम होत नाही, थंडच राहते. पाळणाऱ्यांनी स्वतःला थंडी वाजल्यावर काय लागतं ते सापाला दिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

(याच सर्पगृहात १८५२ साली एका रखवालदाराला नाग चावला आणि तो गेला. तेव्हा प्रतिविष नावाची गोष्टच नव्हती.)

ती आली तेव्हा सापाचं न जेवणं हा गंमतीचा विषय राहिला नाही. आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर १८९१ साली सायगावला होता. जवळच्या भागात पूर आला, पाण्याबरोबर नाग वस्तीत शिरले आणि माणसं दगावली. त्यातून त्याचं काम सुरू झालं आणि १८९४ साली त्याने सर्पविषावरचं पहिलं उपयोगी सीरम जाहीर केलं. (हाच काल्मेत पुढे बीसीजी लसीतला 'सी'. आपल्या सगळ्यांच्या दंडावर जो व्रण आहे त्यात याचं आद्याक्षर आहे!) आता सीरम करायचं तर घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, विषासाठी जिवंत साप हवेत, आणि पकडून आणलेले साप जेवत नाहीत. जेवले नाहीत की काही महिन्यांत मरतात. म्हणजे माणसं वाचवायचा सगळा कारखाना एका रुसलेल्या नागापाशी अडलेला.

काल्मेतने उपाय काढला तो सरळसोट होता. नागाची मान धरायची, तोंड उघडायचं, घशात नळी घालायची, वर नरसाळं, आणि त्यातून कच्ची अंडी ओतायची. चालायचं हे. नाग जगायचे, विष मिळायचं. मी त्याला नावं ठेवायला बसलेलो नाही. त्या अंड्यांच्या बदल्यात किती माणसं वाचली असतील!

पण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधला प्रकार वाचून मी जरा थांबलो. हे झू १८९९ साली उघडलं आणि रेमंड डिटमार्स तिथे सापांचा प्रमुख झाला, तो १९४२ साली जाईपर्यंत. सापांवर त्याने सामान्य वाचकांसाठी भरपूर लिहिलं, अमेरिकेतल्या दोन पिढ्यांना सापांची आवड त्याने लावली. त्याच्याकडे पूर्वेकडून आणलेला एक प्रचंड जाळीदार अजगर होता, आणि तो काही केल्या खाईना. महिने गेले. शेवटी मेलेले ससे एकामागे एक बांधून त्यांची माळ केली, ती लांब बांबूच्या टोकाला लावली, डझनभर माणसांनी अजगर सरळ ताणून धरला आणि ती माळ त्याच्या घशातून आत ढकलली. मग पुन्हा काही दिवसांनी तेच. डोळ्यांसमोर आणा. एक जनावर, बारा माणसं, एक बांबू. आणि सगळ्यांचा हेतू अगदी चांगला!

इथे मला सातव्या वर्षीची नागपंचमी आठवली.

आमच्या आजोळी, सांगली जिल्ह्यात, एक गारुडी यायचा. कायद्याने तेव्हाही बंदी होती, पण गल्लीत यायचा. टोपलीचं झाकण काढलं की नाग संथपणे वर यायचा. फणा अर्धवट. आजी पाटावर वाटी ठेवायची, हळदकुंकू, लाह्या. नाग वाटीकडे बघायचाही नाही. मग गारुडी दोन बोटांनी त्याची मान धरून तोंड दुधात बुडवायचा. एकदा त्याच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला, तो मला अजून दिसतो. आजी हात जोडून म्हणाली, "प्यायला हो, प्यायला." तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं तसं मी तिच्या चेहऱ्यावर फार कमी वेळा बघितलं. पुढच्या वर्षी तोच गारुडी आला, नाग दुसरा होता. मी विचारलं, आधीचा कुठे गेला? तो म्हणाला, "सोडला रानात."

आता माहीत आहे की सापाला दूध पचत नाही. दुधाची साखर पचवायची सोयच त्याच्यात नाही, कारण त्याच्या कुळात कुणी कधी दूध प्यायलेलं नाही. सणाआधी त्यांना उपाशी आणि तहानलेलं ठेवतात म्हणून काही साप तोंड लावतात, दूध फुफ्फुसात गेलं की संपलंच. आजीला हे मी कधी सांगितलं नाही. ती आता नाही. आणि आईच्या त्या वाटीभर दुधावर मी फोनवर हसलो ते बरोबर केलं नाही असं आता वाटतं, कारण बांबूवाले आणि नरसाळंवाले शिकलेले लोकही तेच करत होते. जनावर खात नाही म्हणजे आपण घालायला कमी पडतो, हा सगळ्यांचा समज.

तो खात का नाही, हा प्रश्न वेगळा आहे. तो विचारायला बराच वेळ लागला.

त्याचं उत्तर खरं तर १८४१ सालीच पॅरिसमध्ये समोर बसलं होतं. भारतात राहून आलेला लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी सांगत होता की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांना ऊब देते. पॅरिसच्या विद्वानांनी त्याला हसण्यावारी नेलं. मग तिथल्याच प्राणीसंग्रहालयात एका अजगरिणीने अंडी घातली आणि वालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने थर्मामीटर घेऊन मोजलं: वेटोळ्याच्या आत खोलीपेक्षा बरीच जास्त उष्णता. अंडी फुटेपर्यंत, म्हणजे ५६ दिवस, ती पाणी प्यायली पण जेवली नाही. म्हणजे ती आजारी नव्हती, रुसलेली नव्हती. कामात होती. उपास हा तिच्या कामाचा भाग होता.

पुढचं पाऊल पडलं ते लंडनमध्येच, आणि ते टाकलं एका बाईने. जोन प्रॉक्टर १९२३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लंडन झूमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. लहानपणापासून तब्येत कायम नाजूक. तिने नवीन सर्पगृहाचा आराखडा केला, ते १९२७ साली उघडलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उष्णता. पूर्ण इमारत सारखी तापवायची नाही. प्रत्येक पिंजऱ्यात विजेने एक जागा गरम, बाकी कमी गरम. कुठे बसायचं ते सापाने ठरवायचं. अतिनील किरण आत येऊ देणारी खास काचही तिने वापरली. १९३१ साली, फक्त ३४ वर्षांची असताना ती गेली. ब्लँकेटपासून इथपर्यंत यायला त्याच संस्थेला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली.

तिने अनुभवाने जे केलं त्याचं शास्त्र १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून आलं. रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी दाखवलं की वाळवंटातले सरडे आणि साप काही मिळेल ती उष्णता सोसत पडलेले नसतात. ऊन-सावलीत ये-जा करून ते आपलं तापमान एका ठरावीक पट्ट्यात राखतात. हा पट्टा प्रत्येक जातीचा आपला आपला. थंड पडलेल्या सापाच्या पोटात अन्न पचत नाही, सडतं. मग तो ते ओकतो, किंवा शहाणा असेल तर मुळात घेतच नाही. म्हणजे डिटमार्सचा अजगर 'नाही' म्हणत होता तेव्हा कदाचित तो बरोबर सांगत होता.

आणि एवढा उपास त्याला झेपतो कसा? याचं उत्तर १९९० च्या दशकात स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड (हो, 'गन्स, जर्म्स अँड स्टील'वाला तोच) यांनी अजगरांवर काम करून दिलं. अजगर जेवत नसतो तेव्हा आतडं आक्रसून ठेवतो. जेवला की दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ दुप्पट होतं, शरीराचा ऊर्जाखर्च चाळीसपटीच्या आसपास चढतो, आणि पचलं की परत सगळं बंद. आपण ज्याला ऑटो-स्केलिंग म्हणून क्लाउडवाल्यांना पैसे मोजतो ते याच्याकडे पोटात फुकट आहे. रिक्वेस्ट नाही, तर सर्व्हर बंद.

राहिला वास. १९६७ साली गॉर्डन बर्गहार्ट या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग छापला. आयुष्यात काहीही न खाल्लेली सापाची पिल्लं घेतली आणि वेगवेगळ्या भक्ष्यांचा अर्क कापसाच्या बोळ्याला लावून समोर धरला. आपल्या जातीचं जे खाणं असेल त्याच्याच वासाला पिल्लं झपाझप जीभ काढत आणि बोळ्यावर झडप घालत. शिकवलेलं नाही, दाखवलेलं नाही. म्हणजे ताटात काय आहे हे तो जिभेने वाचतो, आणि वाचायला काय यायला हवं ते जन्मतःच लिहिलेलं असतं. आज साप पाळणारे बेडूक खाणाऱ्या सापाला उंदीर खायला लावायचा तर उंदराला बेडकाचा वास लावतात, त्यामागे हेच आहे. जबरदस्ती नाही, फक्त लेबल बदललं.

आता बिस्किटकडे येऊ. त्याचं मूळ गाव पश्चिम आफ्रिका: घाना, टोगो, बेनिन. तिथून हे साप टोपल्या भरभरून अमेरिकेत आणि युरोपात गेले. नंतर वेगवेगळ्या रंगांची पैदास सुरू झाली आणि आता अमेरिकेत हा बहुधा सगळ्यात लोकप्रिय पाळीव साप असावा. आणि न जेवण्यासाठी सगळ्यात प्रसिद्धही. रानात तो उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत राहतो. चहूबाजूंनी अंग भिंतीला लागेल अशी अंधारी जागा त्याला हवी असते. (वारुळातला नाग आपल्याला नवा नाही, त्यामुळे हे वाचून उगाच ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.) वर्षाच्या काही भागात तो तसाही जेवत नाही. अशा जनावराला आपण दिवाणखान्यात, चारी बाजूंनी काच असलेल्या पेटीत, टीव्हीशेजारी ठेवतो आणि विचारतो, काय रे, भूक नाही का?

बेनिनमध्ये विदा नावाच्या गावात या सापांचं देऊळच आहे. याच जातीचे डझनावारी साप तिथे पूज्य म्हणून राहतात. आणि त्यांना भरवायचा प्रश्न पुजाऱ्यांनी कसा सोडवला आहे? अधूनमधून दार उघडून देतात. साप गावात जाऊन आपलं पोट भरतात, कुणाच्या घरात शिरले तर लोक आदराने उचलून परत आणून ठेवतात. हे वाचल्यावर मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. देव म्हणून त्यांनीही मानला, आमच्या आजीनेही. फरक दाराचा होता.

आपल्याकडेही एका ठिकाणी हे सुचलं आहे. चेन्नईजवळ १९७८ साली स्थापन झालेली इरुळा लोकांची सहकारी संस्था प्रतिविषासाठी विष काढते. साप पकडतात, मडक्यात ठेवतात, तीन-चार आठवड्यांत काही वेळा विष काढतात आणि रानात सोडून देतात. तो जेवला नाही म्हणून अडत नाही, कारण त्याला तेवढा काळ ठेवतच नाहीत. काल्मेतचं नरसाळं ज्या अडचणीसाठी होतं, ती अडचणच त्यांनी डिझाईनमधून काढून टाकली. आमच्या आर्किटेक्टने हे बघायला हवं.

(देशी साप भारतात घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हे वाचून कुणी धामण पकडायला निघू नका.)

तर आठवडा संपला तेव्हा मी हाऊसमेटला म्हटलं, धरणार नाही, आधी मोजू. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बिस्किट ठेवला: १३८५ ग्रॅम. ऑक्टोबरच्या वहीत नोंद होती १४२० ची. अकरा आठवड्यांत ३५ ग्रॅम! मी दिवाळीत त्याच्या कैकपट वर-खाली होतो. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग तापमान मोजलं. थर्मोस्टॅट सांगत होता ३२ अंश, पण त्याचा सेन्सर चिकटपट्टी सुटून हीटरच्या अगदी अंगावर पडला होता. साप बसतो तिथे मिळाले २६. म्हणजे अकरा आठवडे डॅशबोर्ड हिरवा आणि सिस्टिम थंड. मला हसू आवरेना. हा बग मी ऑफिसात किमान चारदा पाहिला आहे.

सेन्सर नीट लावला. पेटीच्या तीन बाजूंना आतून दिसू नये म्हणून तपकिरी कागद चिकटवला. मोठी शोभिवंत गुहा काढून त्याजागी बुटाचा छोटा खोका, एका बाजूला भोक पाडून, उलटा ठेवला. बिस्किट वीस मिनिटांत आत गेला आणि दोन दिवस त्याचं नाकसुद्धा दिसलं नाही. आम्ही ठरवलं की दोन आठवडे हात लावायचा नाही, उंदीर दाखवायचा नाही, झाकण उघडून 'कसा आहेस' विचारायचं नाही. फक्त पाणी बदलायचं. हे दोन आठवडे हाऊसमेटला फार जड गेले. तो रोज रात्री पेटीसमोर उभा राहायचा आणि मी त्याला किचनमध्ये बोलवायचो.

काल रात्री उंदीर नेहमीसारखा कोमट केला. शेवटी त्याच्या तोंडाला हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली, कारण या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. दिवे मालवले. चिमटा भोकापाशी नेला. एक मिनिट काही नाही. मग खोक्याच्या आत जीभ हलताना दिसली, एकदा, दोनदा, आणि पुढचं मला दिसलंच नाही, नुसता खोका हलला.

हाऊसमेट जमिनीवरच बसला. मी आईला फोन लावला, तिकडे सकाळ होती. म्हटलं, जेवला.

"दूध ठेवलंत ना शेवटी?"

म्हटलं, नाही गं, खोका ठेवला.